खोल पाण्याचं भाडं

१२ फेब्रुवारी

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. समुद्रात बुड्या मारायला शिकवणाऱ्या तुमच्या केंद्रात फोन फक्त रविवारी मिळतो, हे एका परीने बरंच झालं. फोनवर तू आणि तुझे बाबाच बोलत बसता, माझ्या वाट्याला ‘जेवतेस ना वेळेवर’ एवढंच उरतं. पत्रात मला कोणी मध्येच तोडत नाही. कागद मागच्या वर्षीच्या डायरीचे उरलेले आहेत, तारखा खोडल्या आहेत, हसू नकोस.

जाताना तू तुमच्या संघाचं लोढणं माझ्या गळ्यात अडकवून गेलीस. ‘आई, घरचा हिशेब ठेवतेस तसा संघाचा ठेव, आणि जमलं तर चार दारं ठोठाव.’ अगं, मी शेजारणीकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही, आणि आता या वयात पोहण्याच्या तलावाच्या भाड्यासाठी बाजारपेठेत हात पसरत फिरते आहे. तलावाच्या व्यवस्थापकाने स्वच्छ सांगितलंय, वर्षाचं भाडं दोन हप्त्यांत, पहिला मार्चअखेर. नाही आला, तर खोल तलावातल्या तुमच्या आठवड्याच्या दोन्ही संध्याकाळी जाणार पोहण्याच्या क्लासला. उथळ तलाव फुकट देतो म्हणाला. मी आनंदाने ते शिट्टीला सांगितलं (तुझ्यामागे कप्तान तीच, आणि शिट्टी हे नाव तिला शोभतंच, दोन गल्ल्यांवरून ऐकू येते). ती म्हणाली, ‘काकू, कमरेएवढ्या पाण्यात पाण्याखालची हॉकी म्हणजे खुर्चीत बसून धावण्याची शर्यत.’

पहिल्यांदा बेकरीवाल्याकडे गेले. तो पीठ झटकत पुढे आला.

‘पाण्याखाली हॉकी? चेंडू बुडत नाही का?’

‘चेंडू नसतो. शिशाची चकती असते. ती बुडालेलीच असते, तळाशी.’

‘आणि पोरी?’

‘त्याही तळाशी.’

‘मग बघणारे कुठे बसतात?’

‘काठावर.’

‘त्यांना काय दिसतं?’

मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, ‘पाणी दिसतं.’

तो इतका हसला की गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. शेवटी एक पाव हातावर ठेवला, वर्गणी म्हणून. तो मी जमेच्या बाजूला कसा लिहायचा, सांग.

तुझे बाबा म्हणतात, ‘जे दिसत नाही त्यावर भरवसा ठेवायची तुला जन्माची सवय. या कामाला तुझ्याएवढी लायक बाई गावात नाही.’ देवाची थट्टा त्यांनी करावी आणि नमस्कार मी करावा, असं आमचं चाललेलं असतं.

तुझी,
आई

३ मार्च

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आज तुमचा खेळ पाहिला. इतकी वर्षं तुझे ओले टॉवेल वाळत घातले, पण खेळ म्हणून पाहिला तो आज. शिट्टीने मला काठावर चक्क पालथं झोपवलं, डोळ्यांना तो मोठा चष्मा बांधला, तोंडात नळी दिली आणि म्हणाली, ‘काकू, फक्त तोंड पाण्यात घाला. बाकीच्या तुम्ही कोरड्याच राहाल.’ राहिले नाही, ते सोड.

आधी माझाच श्वास ऐकू आला, भात्यासारखा. मग खालच्या पोरी दिसल्या. तळाला चिकटून, एका हातात ती वीतभर काठी, चकती ढकलत चाललेल्या. कुणाचा श्वास संपला की ती वर सुटायची, आणि तिच्या जागी दुसरी आधीच खाली पोचलेली असायची. हाक नाही, खूण नाही. हिला कसं कळलं की तिचा संपत आला? मी डोकं वर काढून शिट्टीला विचारलं, तर म्हणाली, ‘रोज शेजारी असलं की कळतं, काकू.’

घरी येताना मनाशी ठरवलं की हे पाणी मी यांचं जाऊ देणार नाही.

पण नुसतं ठरवून काय होतंय? चांभार हो म्हणाला आणि टाळतोय. शिंपीणबाईंनी पोहण्याचे फाटके कपडे फुकट शिवून द्यायचं कबूल केलं. चौकातल्या मोठ्या दुकानाचे औषधवाले दोनदा नाही म्हणाले, पण खुर्ची देऊन आणि पाणी विचारून नाही म्हणाले. अशा माणसाकडे तिसऱ्यांदा जायला हरकत नाही.

तू समुद्रात किती खोल गेलीस ते मला लिहू नकोस. बाबांना लिही.

तुझी,
आई

२३ मार्च

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

बातमी ऐक आणि बसून ऐक. औषधवाल्यांनी अख्ख्या वर्षाचं भाडं द्यायचं कबूल केलं! पहिला हप्ता भरलासुद्धा, पावती माझ्या हातात आहे. दुसरा सप्टेंबरात. शिट्टी तलावाच्या आवारात इतक्या जोरात ओरडली की व्यवस्थापक केबिनमधून धावत आला, त्याला वाटलं कोणी बुडालं.

कसं जमलं म्हणून विचारशील. जमलं खरं. तिसऱ्यांदा गेले, चार शब्द तुझ्याबद्दल बोलले. आईला लेकीबद्दल बोलायला काय लागतं? माणूस भला आहे. त्यांना स्वतःला दमा आहे, खिशात पंप घेऊनच फिरतात. तू कुठे शिकतेस, काय शिकतेस, सगळं विचारून घेतलं आणि वर्तमानपत्रातला एक मुलगा दुकानात बोलावून घेतला. त्याने माझा फोटो काढला. मी आंबट तोंड केलं आहे, बाबांच्या मते नेहमीचंच आहे. कात्रण तुला नंतर पाठवीन, इथे फार मागणी आहे.

देवासमोर आज जरा घाईत बसले. कामं फार होती.

तुझी,
आई

१९ एप्रिल

चि. बाळ,

रविवारी तू बाबांशी बोललीस आणि फोन माझ्याकडे न देता ठेवलास. बाबांनी मला सगळं सांगितलं. आधी ओरडले, मग सांगितलं, मग पुन्हा ओरडले.

औषधवाल्यांनी ते कात्रण तुमच्या केंद्रप्रमुखांना पाठवायचं काय कारण होतं? त्यांनी अभिमानाने पाठवलं गं, बरोबर अभिनंदनाचं पत्र जोडून. मथळाही त्या पोराने असा दिला, ‘दम्याला बुडवणारी मुलगी’. मी तसं म्हटलं नव्हतं. तुला पाण्यातून बाहेर काढून ठेवतील आणि वर ‘भरतीच्या अर्जात आजार लपवला’ म्हणतील, हे मला कुठून ठाऊक असणार? दमा होऊन गेलेल्या माणसाला तुमच्यात खाली सोडतच नाहीत, हे तू मला कधी सांगितलं होतंस?

आणि मी अगदीच काही खोटं बोलले नाही. तू पहिलीत असताना तो खोकला आठवतोय ना? सबंध थंडीभर. मी उशाशी बसून असायची. डॉक्टर म्हणाले होते, छाती जरा नाजूक आहे. नाजूक म्हणजे काय, आता तूच सांग. शिवाय मी शपथ घेतली नाही. तेवढं मी कटाक्षाने पाळलं.

तू काळजी करू नकोस. तुमच्या केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना मी कालच पत्र टाकलं आहे, चांगल्या कागदावर. ‘माझ्या मुलीला आता कसलाही त्रास नाही, ती पूर्ण बरी आहे, तिला कृपया पाण्यात जाऊ द्यावे.’ त्यात एक अक्षर खोटं नाही. माझं अक्षर पाहून त्यांची खात्री पटेल.

आई

७ मे

बाळ,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी आधी दार लावलं आणि मग उघडलं. आत माझ्याच पत्राची प्रत, डॉक्टरीणबाईंना लिहिलेल्या. ‘आता’ आणि ‘बरी’ या दोन शब्दांखाली लाल रेघा. तुझं एक अक्षरही नाही.

कळलं. आता त्रास नाही, म्हणजे आधी होता. बरी आहे, म्हणजे आजारी होती. औषधवाल्यांचं कात्रण ऐकीव तरी होतं, मी त्यांना सहीनिशी पुरावा दिला. बाबा म्हणाले, तू डॉक्टरीणबाईंना सांगून सांगून थकलीस की तुला दमा कधीच नव्हता, आणि त्या म्हणतात, ‘मुलं लपवतात, आया लपवत नाहीत. आई कशाला खोटं बोलेल?’

मी काय बोलले ते तुला माझ्याकडून कळायला हवं. इतके दिवस गुळमुळीत लिहिलं, आता जसं झालं तसं लिहिते.

दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो होतो, खोक्यांच्या मध्ये. त्यांनी तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना उबळ आली. पंप ओढला, घाम पुसला आणि हसून म्हणाले, ‘बाई, तुमच्या पोरी हौसेने श्वास कोंडून घेतात. मला इथे खुर्चीवर तो मिळत नाही. माझ्याकडून कसली वर्गणी मागता?’ मी उठायला हवं होतं. पिशवी हातात घेतलीही होती. आणि तोंडातून गेलं, ‘माझ्या मुलीलाही हाच होता.’

त्यांनी पंप बाजूला ठेवला. ‘मग?’

बाळ, त्या ‘मग’मध्ये इतकी आशा होती! आणि मला त्यांची आशा दिसली नाही, खोल तलाव दिसला. म्हटलं, ‘मग काय, या खेळाने गेला. लहानपणी निळी पडायची, आता समुद्राच्या तळाशी जाते.’ निळी तू कधी पडली नाहीस. तू एक थंडी खोकलीस, आणि तेव्हाही बाहीला शेंबूड पुसत पळत होतीस. नाजूक छातीचं डॉक्टर बोलले ते तुझ्याबद्दल नव्हतं, माझ्याबद्दल होतं. तेही मी फिरवलं.

पुढचं वाईट हे, की घरी येऊन मला पश्चात्ताप झाला नाही. मला वाटलं, देवानेच सुचवलं. पोळलेल्या बोटावर फुंकर घालावी तसं मी ते मनाला सांगत राहिले. आता देवासमोर बसते, पण डोळे मिटत नाहीत. त्याच्याकडे बघत राहते, आपल्या हिशेबातली चूक पकडलेला दुकानदार आपल्याकडे बघतो तसा तो माझ्याकडे बघतो.

काल तलावावर गेले. पोरी काठावर बसून पायातले रबरी फिन काढत होत्या. सगळं सांगितलं, आणि हेही की मी खरं बोलले तर दुसरा हप्ता गेला, सप्टेंबरात तलावही गेला. मनात वाटत होतं, कोणीतरी म्हणेल, ‘काकू, थोडं थांबा.’ एक जण म्हणाली पण तसं. शिट्टीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग मला म्हणाली, ‘आम्ही खोल पाणी मागितलं होतं, काकू. खोटं नव्हतं मागितलं. आणि तेही तिच्या जिवावर?’

कोणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली, ती.

उद्या औषधवाल्यांकडे जाते. त्यानंतर तुमच्या डॉक्टरीणबाईंकडे. पत्राने नाही. माझ्या पत्रांवर आता माझाच भरवसा नाही.

आई

२१ मे

हे तुमच्या केंद्राच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. वर काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून तसंच सुरू केलं.

औषधवाल्यांचं आधी सांगते. गेले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. मला बघून ते खूश झाले, म्हणाले, ‘बरं झालं आलात, तुम्हाला दाखवायचंच होतं,’ आणि काउंटरखालून एक पुडकं काढलं. आत पोहण्याची नवी चड्डी आणि पाण्यातला चष्मा. पुढच्या महिन्यापासून उथळ तलावात नाव घातलंय म्हणाले. ‘बायको म्हणते, म्हातारपणी चळ लागला. मी म्हटलं, त्या बाईंची मुलगी बरी झाली, मग मी का नाही?’

ती चड्डी समोर असताना मी सांगितलं. बसले नाही, उभ्यानेच सांगितलं. दमा नव्हता. कधीच नव्हता. तुम्ही नाही म्हणणार होतात म्हणून बोलले.

ते बराच वेळ पुडक्याची दोरी पुन्हा बांधत होते. मग म्हणाले, ‘मग काय होतं तिला?’

‘सर्दी.’

‘सर्दी!’ ते हसले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. ‘बाई, पैशांचं मला काही नाही. भरले ते भरले, परत आणू नका, पोरींनी खेळावं. पुढचे देणार नाही. पण या वयात मी आरशासमोर उभं राहून ही चड्डी घालून पाहिली हो. तेवढं नसतं केलंत तर बरं होतं.’

मी हात जोडले. त्यांनी उलट जोडले नाहीत, बरोबरच केलं. मी दारापर्यंत गेल्यावर मात्र मागून म्हणाले, ‘तुमच्या मुलीच्या केंद्राला मी पत्र धाडलं होतं. त्यांना माझी चूक कळवतो.’ मी म्हटलं, ‘चूक तुमची नाही, माझी आहे, मीच जाते.’

आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला लगेच आत घेतलं. तरुण आहे गं, तुझ्याहून फार मोठी नसेल. तुझी फाईल उघडून बसली. मी सगळं सांगितलं, पुडक्यासकट. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुम्ही पैशासाठी खोटं बोललात.’

‘हो.’

‘आणि आज मुलीची नोकरी धोक्यात आहे म्हणून आलात.’

‘हो.’

‘मग मला सांगा, मी कुठल्या वेळचं खरं धरू? तेव्हा तलाव वाचवायचा होता, आता मुलगी वाचवायची आहे. दोन्ही वेळा तुम्हाला काहीतरी हवंच होतं.’

बाळ, गल्लीतल्या बायका आपसातल्या भिशीचे पैसे मोजायला माझ्याकडे आणून देतात. वाणी माझ्यासमोर वजन पुन्हा करत नाही. इतक्या वर्षांत मी कमावलं ते एवढंच, आणि आज ते घेऊन तुझ्यासाठी उभी राहिले तर हातात काही नव्हतं. मी म्हटलं, ‘देवाशपथ सांगते.’ तिने फाईलचं पान उलटलं. तेव्हा मला कळलं की शपथ जपून ठेवून मी काही वाचवलं नव्हतं.

मग मी एवढंच म्हणू शकले, ‘डॉक्टर, माझं आधीचंही धरू नका, आताचंही धरू नका. मी नाहीच असं समजा. तुम्ही तिची छाती तपासा. ती काय सांगते तेवढं लिहा.’

तिने पेन थांबवलं. म्हणाली, ‘तपासण्या चांगल्याच आल्या होत्या. तुमचं पत्र आडवं आलं होतं.’

‘मग ते काढून टाका.’

‘फाईलमधून कागद काढता येत नाही. त्यावर शेरा मारता येतो.’ आणि तिने माझ्यासमोर, माझ्या चांगल्या कागदावरच्या पत्रावर लिहिलं, ‘आईचे म्हणणे विश्वासार्ह नाही. ग्राह्य धरू नये.’ खाली सही, शिक्का. मग वेगळ्या कागदावर लिहिलं की तुझी व्यायामानंतरच्या श्वासाची तपासणी परवा पुन्हा करावी, आणि ती नीट आली तर तुला लगेच पाण्यात घ्यावं, लपवल्याचा ठपका काढून. मी दोनदा विचारलं, ‘नीट आली तर नक्की?’ ती म्हणाली, ‘नीट येईल असं मला वाटतं. तुमच्यावर अवलंबून नाही आता.’

बाहेर येऊन या बाकावर बसले आणि हसू आलं, मग रडू आलं, मग समोरचा शिपाई बघायला लागला म्हणून डोळे पुसले. माझ्यावर अवलंबून नाही! किती हलकं वाटावं असं वाक्य, आणि किती लागलं.

तलावाचं म्हणशील, तर सप्टेंबरपर्यंत खोल पाणी तुमचंच आहे. पुढच्या हप्त्यासाठी पोरी स्वतः फिरताहेत. बेकरीवाल्याला त्यांनी तलावावर नेऊन पालथं झोपवलं. तो तासभर उठला नाही म्हणे, आणि उठल्यावर मित्रांना घेऊन यायचं कबूल केलं. मी शिट्टीला विचारलं, ‘माझ्यासाठी काही काम?’ ती म्हणाली, ‘हिशेब तुम्हीच ठेवा, काकू. तेवढं तुमच्यासारखं कोणाला जमत नाही. बोलू मात्र नका.’ मी मान हलवली. हो म्हणायलाही तोंड उघडलं नाही.

तू माझ्याशी बोलायला तयार नाहीस, ते बाबांनी सांगितलं. मी माफी मागायला आले नाही, म्हणजे मागायची आहे, पण ती आज मागितली तर परवाच्या तपासणीच्या आधी तुझ्या छातीवर आणखी एक ओझं होईल. परवा तू मोकळ्या छातीने धाव. नंतर कधी, तुला वाटेल तेव्हा. वाटलं नाही तर तेही मी समजेन.

दुपारच्या गाडीने परत जाते. हे पत्र फाटकावरच्या माणसाकडे ठेवते आहे. तो म्हणाला, ‘इतक्या लांबून आलात, बोलावून घेतो ना तिला. नाहीतर निदान निरोप तरी सांगा. काय सांगू?’

मी म्हटलं, ‘आई येऊन गेली, एवढंच सांगा. पदरचं काही घालू नका.’